जसपालच्या लॉकरमध्ये काय होतं

चंदीगडला नदी नाही. शिवालिकच्या डोंगरातून पावसाळ्यात उतरणारा एक ओढा अडवून तिथे सुखना तलाव केला आहे. त्या तलावावर मी सोळा वर्षं एका कॉलेजच्या मुलांना वल्ही मारायला शिकवलं. नोकरी काय करता असं गावाकडे कुणी विचारलं आणि हे सांगितलं, की लोक हसायचे. वल्हं मारायला काय शिकायचं? आमच्या सांगलीवाडीची म्हैससुद्धा कृष्णा पार करते.

मीही कृष्णेतलाच. तिथल्या होड्यांच्या शर्यतीत बाराव्या वर्षापासून बसत होतो. फौजेत भरती झालो आणि पुण्याला तळावर असताना कुणीतरी मला त्या अरुंद, लांबलचक शर्यतीच्या बोटीत बसवलं. पहिल्या दिवशी तीन वेळा पाण्यात पडलो. पुढे आठ वर्षं सैन्यदलाकडून आणि तीन वर्षं देशाकडून वल्हवलं. मग कंबर गेली. फौजेनं सन्मानानं सोडलं, आणि चंदीगडच्या कॉलेजनं प्रशिक्षक म्हणून ठेवून घेतलं. बायको सुधा आणि मी सेक्टर बावीसमध्ये एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहायला आलो. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बसस्टँड.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमची बोट चौघांची. प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं, दोघांचं डावीकडे, दोघांचं उजवीकडे. बोट चाळीसेक फूट लांब, पण रुंदी इतकी कमी की बसलेल्यानं नुसती मान वळवली तरी ती कलते. चौघंही जायच्या दिशेला पाठ करून बसतात. पुढचं फक्त कॉक्सला दिसतं. तो पाचवा, वल्हं न मारणारा, सुकाणू धरून हाका देणारा. त्याच्या अगदी समोर बसतो तो स्ट्रोक. वल्हं पाण्यात कधी घालायचं आणि किती वेगानं ओढायचं, ते तो ठरवतो. बाकीच्या तिघांनी त्याच्या मागे बसून, त्याच्या पाठीकडे बघून, तेच करायचं. डोळ्यांनी बघून केलं तर उशीर होतो. ते अंगातच यावं लागतं. समोरच्या पाठीवर विश्वास नसेल तर येत नाही. किनाऱ्यावरून सायकलनं जाताना मला पाण्यावरच्या आवाजावरून कळायचं, आज चौघांचं बरं चाललंय की नाही. बरं असलं की चार वल्ह्यांचा एकच आवाज येतो.

हे मी सांगतोय ती ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. पंजाब पेटलेला होता. चंदीगड तसं शांत, सरळ रस्त्यांचं, झाडांचं शहर, पण शांतता भीतीतली होती. भिंतीवर कागद लागलेले असायचे: बेवारस ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी दिसली तर हात लावू नका. सिनेमाला जाताना सुधाच्या पर्समधला पावडरचा डबासुद्धा उघडून बघायचे. स्कूटरवर मागे माणूस बसवायला मधूनच बंदी यायची. जो तो दुसऱ्याच्या पिशवीकडे बघायचा.

एकदा स्पर्धेला जायला आम्ही टेंपोतून स्टेशनकडे निघालो होतो. वल्ही बारा-बारा फुटांची, घोंगड्यांत गुंडाळून दोरीनं बांधलेली. शहराच्या कडेच्या मनीमाजरा वस्तीच्या नाक्यावर आम्हाला अडवलं. चार जवान बंदुका रोखून उभे राहिले. त्यांचा हवालदार पुढे आला, बोचक्याकडे बघत राहिला, मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून एकदम मराठीत म्हणाला, "माने, हे काय घेऊन निघालाय? रॉकेट हाय का काय?" तो सोलापूरचा निघाला. घोंगडी सोडून दाखवल्यावर सगळे हसले. आमची पोरंही हसली. फक्त जसपालला त्यांनी बाजूला काढलं. त्याच्या बॅगेतला एकेक कपडा दोनदा झटकला आणि तो पंधरा मिनिटं हात वर करून उभा होता. आमच्यात पगडीवाला तो एकटाच. मी हवालदाराशी सांगलीच्या गप्पा मारत होतो.

जसपाल माझा स्ट्रोक. तरनतारनकडच्या एका खेड्यातला, प्राथमिक शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला अगदी कमी. तोवरच्या दोन वर्षांत त्यानं एकदाही सराव चुकवला नव्हता. तसा स्ट्रोक मला त्याआधी मिळाला नाही आणि नंतरही नाही.

त्याच्या लगेच मागे नरेश बसायचा. सेक्टर बावीसमधल्याच कापडदुकानदाराचा मुलगा, बडबड्या, मायाळू. त्या हिवाळ्यात त्याच्या मामाला अतिरेक्यांनी बसमधून उतरवून गोळ्या घातल्या. नरेश तेरा दिवसांनी सरावाला आला तो गप्प. आणि तेव्हापासून बोट हलू लागली. नरेशचं वल्हं एका निमिषानं उशिरा पडायचं. मी ओरडायचो, कॉक्स ओरडायचा, काही उपयोग व्हायचा नाही. एके दिवशी वल्हं पुसता पुसता नरेश मला म्हणाला, "सर जी, ये हर शनिवार कहाँ जाता है, कभी पूछा आपने?"

हे खरं होतं. जसपाल महिनाभर शनिवार-रविवार सरावाला नव्हता. सोमवारी पहाटे यायचा, डोळे लाल, आणि हातात जड कॅनव्हासची बॅग. बोटहाउसमध्ये प्रत्येकाला एक लोखंडी लॉकर होता. जसपालनं त्याच्या लॉकरला नवं, तळहाताएवढं मोठं कुलूप लावलं होतं.

मी विचारलं. तो म्हणाला, "गाँव गया था सर जी."

"बॅगेत काय आहे?"

"सामान है जी. घर का."

एवढंच. माझ्या डोळ्याला डोळा न भिडवता.

पुढच्या सोमवारी पहाटे मी आमच्या गॅलरीत उभा होतो. अमृतसरकडची बस आली. जसपाल उतरला, त्याच्याबरोबर लोई, म्हणजे जाड लोकरी चादर, पांघरलेली दोन दाढीवाली माणसं. एकानं बॅग त्याच्या हातात दिली आणि दोनदा मागे वळून बघितलं. दोघंही लगेच परतीच्या बसमध्ये चढले. मी सायकल काढली, आडवाटेनं तलावावर त्याच्या आधी पोचलो आणि त्याला बॅग लॉकरमध्ये ठेवताना बघितलं. तो बोटीकडे गेल्यावर मी लॉकरला गुडघ्यानं धक्का दिला. आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

इथे एक सांगायला हवं. साध्या वेशातले एक पोलीस साहेब आठ-पंधरा दिवसांनी तलावावर फिरायला यायचे. सफारी, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्याबरोबर चहा प्यायचे. "आप फौजी आदमी हैं, माने साहब," ते म्हणायचे, "आँख खुली रखिए." त्यांनी मला एक फोन नंबर दिला होता. खरं सांगतो, तो नंबर खिशात आहे याचा मला अभिमान वाटायचा. फौज सुटल्यापासून कुणी मला असं काम सांगितलं नव्हतं.

घरी सुधाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, त्याला जेवायला बोलवा. समोर बसवा, पोट भरलं की मग विचारा. पोरगं आहे ते."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो.

"मला बाँबमधलं कळत नाही. जसपालमधलं कळतं. मागच्या राखीला आला होता तेव्हा माझा बिघडलेला स्टोव्ह दुरुस्त करून गेला."

मी दोन दिवस विचार घोळवत राहिलो. बाजारात एक डबा फुटला तरी किती जातात, हे डोळ्यांसमोर यायचं. नरेशचा चेहरा यायचा. माझ्या बोटहाउसमध्ये साठा सापडला तर, हेही यायचं. ते आधी यायचं की नंतर, हे आज सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो आणि फोन केला. बोलणं एक मिनिटाचंही नव्हतं. साहेबांनी जसपालच्या गावाचं नाव विचारलं. तेही मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सराव संपला होता. चौघांनी बोट पाण्यातून काढून खांद्यावर घेतली होती आणि ते बोटहाउसकडे येत होते. जीप आली. साहेब आणि वर्दीतले सहा जण उतरले.

"जसपाल सिंग कौन है? हाथ ऊपर."

बोट खांद्यावर असताना हात वर करता येत नाहीत. एकानं सोडली तर बाकीच्यांच्या अंगावर येते आणि बोट मोडते. जसपालनं बंदुकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "सर जी, पहले बोट रख दें?"

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. चौघांनी बोट ठेवायच्या लाकडी घोड्यांवर ती ठेवली, अगदी हळू, रोज ठेवायचे तशी. मग त्यानं हात वर केले आणि किल्ली कुठल्या खिशात आहे ते सांगितलं.

लॉकर उघडला. आत शिलाई मशीनचं डोकं होतं, पाय आणि लाकडी फळी नसलेलं. एक पितळी परात. तिच्यात बसवलेली तीन पातेली. फुलकारीच्या भरतकामाच्या दोन ओढण्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एक फ्रेम केलेला लग्नाचा फोटो. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जमिनीचे कागद.

नरेश मशीनकडे बघत राहिला.

"ज़मीन के काग़ज़ यहाँ क्यों?" साहेबांनी विचारलं.

जसपाल काही बोलेना. सगळ्यांसमोर बोलला असता तर सुटला असता, असं मला त्या वेळी वाटलं. तो का बोलला नाही ते चार दिवसांनी कळलं. त्यांनी त्याला जीपमध्ये बसवून नेलं.

जीप गेल्यावर मी उरलेल्यांना सांगितलं, फोन मी केला होता. सांगायची हिंमत तेव्हाच होती, संध्याकाळपर्यंत राहिली नसती. नरेश खाली बघत म्हणाला, "कहा तो मैंने था, सर जी."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यावर गेलो. दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग साहेब बाहेर आले, तसेच हसतमुख. मी म्हणालो, माझी चूक झाली, त्या मुलात काही नाही. ते म्हणाले, "आपने अपना काम किया. अब हमें अपना करने दीजिए." एकूण तीन दिवस ठेवून त्यांनी त्याला सोडलं. त्याचा डावा खांदा उतरलेला होता.

तो वसतिगृहावर परतला नाही. घरचे मनीमाजरात आलेत, एवढं नरेशनं शोधून काढलं. मी निघालो तेव्हा सुधा चप्पल घालून उभी राहिली. म्हणाली, "एकटे जाऊ नका. तुम्ही तिथे फौजीसारखे बोलाल."

मनीमाजराच्या जुन्या बाजारामागे एक गल्ली होती, तिथे वरच्या मजल्यावर एक खोली. आत जसपालचे आईवडील, बहीण आणि एक खाट. वडिलांना सगळे मास्टरजी म्हणत. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. लोई पांघरलेल्या दोघांतले एक तेच होते. दुसरा जसपालचा मामा.

मास्टरजींनी सांगितलं ते असं. गावात रात्री अतिरेक्यांची पोरं यायची, बंदुका घेऊन, जेवण मागायची. द्यावं लागायचं. दिवसा पोलीस यायचे, जेवण का दिलंत म्हणून विचारायचे. घरात लग्नाची मुलगी. मास्टरजींनी गाव सोडायचं ठरवलं, पण गाव सोडतोय हे कुणाला कळून चालणार नव्हतं. पोरांना कळलं तर ती म्हणणार, पोलिसांचा खबऱ्या, म्हणून पळतोय. पोलिसांना कळलं तर ते म्हणणार, पोरांचा माणूस, म्हणून पळतोय. म्हणून घर एकेक बॅगेनं बाहेर काढायचं ठरलं. जसपाल शनिवारी रिकामी बॅग घेऊन जायचा, सोमवारी भरून आणायचा. वसतिगृहात चोऱ्या व्हायच्या, म्हणून लॉकर. अजून दोन महिने लागले असते. गहू कापून, विकून, कुणाच्या लक्षात न येता निघाले असते.

"मग गावात जीप आली," ते म्हणाले. "दारासमोर भर दुपारी एक तास उभी होती. माझं नाव विचारत होते. संध्याकाळी दारावर पोरांची धमकीची चिठ्ठी लागली. सकाळी आम्ही मामाच्या ट्रॉलीत बसून निघालो. गहू उभाच आहे. म्हैस शेजाऱ्याच्या दारात बांधून आलो."

फोन कुणी केला ते त्यांना माहीत नव्हतं. पोलिसांनी माझं नाव सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

जसपाल दारात उभा होता, हात गळ्यातल्या झोळीत. तो वळला आणि गच्चीवर निघून गेला. आतल्या कोपऱ्यात सुधा त्याच्या आईजवळ बसली होती, तिनं मान वर केली नाही.

"आप फौजी हैं," मास्टरजी म्हणाले. "शक हुआ, ख़बर दी. इसमें मैं क्या कहूँ." मग म्हणाले, "पर दो साल आप उसे रोज़ सुबह देखते थे, मानेजी. रोज़. हमसे ज़्यादा."

त्यांच्या बायकोनं चहा दिला. तो मी प्यायलो. नाही म्हणणं त्याहून वाईट झालं असतं.

बारा दिवसांनी नरेश त्याला तलावावर घेऊन आला. रोज मनीमाजराला जाऊन बसायचा म्हणे, पायऱ्यांवर, बोलावलं नाही तरी. जसपाल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सर जी, मैं बोट के लिए आया हूँ. किनारे से आप जो बोलोगे, करूँगा. उसके अलावा हमारी कोई बात नहीं."

मी हो म्हणालो. खांदा पूर्ण बरा नव्हता, स्ट्रोकला बसणं त्याला झेपलं नसतं. कुणाला बसवायचं असा विचार करत होतो, तोवर नरेश पुढे जाऊन त्या जागेवर बसला. "अब ये मेरी पीठ देखे," तो म्हणाला. जसपाल त्याच्या मागे बसला. स्पर्धेत आम्ही चौथे आलो. त्या खांद्यानं त्याहून वर येणं शक्य नव्हतं. पण शेवटच्या पाचशे मीटरमध्ये मी किनाऱ्यावर सायकल थांबवली होती. चारही वल्ही एकाच आवाजात पडत होती.

जसपालनं शब्द पाळला. पदवी होईपर्यंत "जी सर" आणि "ठीक है" याखेरीज तो माझ्याशी बोलला नाही. त्याला खेळाडूंच्या कोट्यातून एक सरकारी नोकरी मिळाली, पण पोलीस चौकशीचा कागद अडकला. तीन दिवस कोठडीत होता अशी नोंद होती. हे मला नरेशकडून कळलं. मी एक अर्ज लिहिला: संशय माझा होता, त्याला काही आधार नव्हता, मुलाला पकडलं ते माझ्या खबरीवरून आणि माझी खबर चुकीची होती. खाली नाव, सही, फौजेतला हुद्दा. तो घेऊन मी तीन कचेऱ्यांत फिरलो. एका कारकुनानं वाचून चष्मा काढला आणि म्हणाला, "ऐसा कोई अपने ख़िलाफ़ लिखकर देता है क्या?" प्राचार्यांनी बोलावून विचारलं, कॉलेजचं नाव यात कशाला? वर्ष लागलं. कागद सुटला.

पुढे तो त्याच्या खात्याच्या चमूकडून सुखन्यावर स्पर्धेला आला. आमच्या पोरांना तीन बोटींच्या लांबीनं हरवलं. जाताना माझ्यापाशी थांबला. "सत श्री अकाल, सर जी. आंटीजी ठीक हैं?" ठीक आहेत म्हणालो. त्यानं मान हलवली आणि गेला. मी कसा आहे ते विचारलं नाही. मास्टरजींनी जमीन मिळेल त्या किमतीला विकून मनीमाजरातच मुलांच्या शिकवण्या घ्यायला सुरुवात केली होती. गावी ते परत गेले नाहीत.

जसपालच्या जागी नरेश असता, त्यानं दर सोमवारी जड बॅग आणली असती, तर मी काय केलं असतं? एकदा विचारलं असतं, त्यानं काहीतरी थट्टा केली असती आणि मी विसरून गेलो असतो. हे स्वतःशी कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

त्यानंतर दरवर्षी नवी तुकडी आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना हे सगळं सांगायचो. नावं न बदलता, माझंही. शेवटच्या वर्षी मुलींची पहिली बोट आली. त्यात पठाणकोटकडची एक मुलगी होती, सैनिकाचीच मुलगी, जरा उद्धट, पण सरळ. सगळं ऐकून ती म्हणाली, "सर, और अगर लॉकर में सचमुच बम होता तो?"

बाकीच्या मुली तिच्याकडे रागानं बघू लागल्या. मी तिला म्हणालो, प्रश्न बरोबर आहे. त्या काळात तसे लॉकर होतेही.

"तो फिर?"

"तर मग हीच गोष्ट मी तुम्हाला छाती फुगवून सांगितली असती," मी म्हणालो. "आणि केलेलं मात्र तेच असतं. त्याला न विचारता केलेलं."

तिचं समाधान झालं नव्हतं, ते दिसत होतं. माझंही झालेलं नाही. मग कॉक्सनं हाक दिली, चौघी वाकल्या आणि त्यांनी बोट खांद्यावर घेतली.